कबूल कर!

क्रोएशियातल्या दुब्रोवनिक शहराच्या पूर्वेला, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या कड्यावर बेल्वेदेर नावाचं एक आलिशान हॉटेल १९८५ मध्ये सुरू झालं. पुढे युगोस्लाव्हिया फुटला, १९९१ मध्ये शहराला वेढा पडला आणि तोफगोळ्यांनी हॉटेलची चाळण झाली. युद्ध संपलं तरी बेल्वेदेर पुन्हा उभं राहिलं नाही. फुटक्या खिडक्यांची ती इमारत वर्षानुवर्षं तशीच पडून होती. तिच्या पायथ्याशी, लाटांच्या अगदी वर, अर्धगोल पायऱ्यांचं एक उघडं प्रेक्षागार आहे. २०१३ साली तिथे तंबू ठोकले गेले, झेंडे लागले, मध्ययुगीन पोशाखातली माणसं पायऱ्यांवर बसवली गेली आणि मधल्या रिकाम्या जागेत दोन नट एकमेकांसमोर उभे राहिले. एक चिलीत जन्मलेला, सडपातळ, तोवर फारसा कुणाला माहीत नसलेला पेद्रो पास्कल. दुसरा आइसलँडचा हाफ्थोर ब्योर्नसन, उंची पावणेसात फुटांच्या आसपास, व्यवसायाने शक्तिस्पर्धांतला मल्ल. पुढे २०१८ मध्ये त्याने जगातल्या सर्वांत बलवान पुरुषाचा किताबही मिळवला.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या चौथ्या पर्वातला हा आठवा भाग. १ जून २०१४ च्या रविवारी रात्री तो अमेरिकेत दाखवला गेला आणि पहिल्याच प्रक्षेपणाला ७१ लाखांहून अधिक लोक त्याच्यासमोर बसले होते. भाग संपता संपता यातल्या पुष्कळांच्या तोंडून एकच किंकाळी निघाली. काहींनी डोळ्यांवर हात घेतले, काही खुर्चीतून उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. हे आपल्याला माहीत आहे, कारण पडद्याकडे बघणाऱ्या माणसांकडे त्या रात्री कॅमेरेही रोखलेले होते. ते व्हिडिओ मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या किंकाळीचा मी गेली कित्येक वर्षं विचार करते आहे, कारण ती केवळ रक्ताच्या भयाने निघाली असं मला कधीच वाटलं नाही.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेली ही मालिका २०११ ते २०१९ अशी आठ पर्वं आणि ७३ भाग चालली. कथा काल्पनिक खंडातली, वळण युरोपच्या मध्ययुगाचं. राजसिंहासनावर अनेक घराण्यांचा डोळा. चौथ्या पर्वाच्या दुसऱ्या भागात तरुण, क्रूर राजा जॉफ्री याचा त्याच्याच लग्नाच्या मेजवानीत विषाने मृत्यू होतो आणि खुनाचा आळ येतो त्याच्या मामावर, बुटक्या आणि बुद्धिमान टिरियन लॅनिस्टरवर. न्यायासनावर बसतो टिरियनचाच बाप टायविन. साक्षी खोट्या, निकाल आधीच ठरलेला. तेव्हा टिरियन द्वंद्वाने न्याय मागतो. त्या जगाचा कायदा असा की आरोपीने आणि आरोप करणाऱ्याने आपापला लढवय्या द्यावा. देव खऱ्याच्या बाजूने उभे राहतात, म्हणून जिंकणारा खरा.

जॉफ्रीची आई, राजमाता सर्सी हिच्या बाजूने उतरतो ग्रेगर क्लिगेन, ज्याला सगळे ‘माउंटन’ म्हणतात. टिरियनच्या बाजूने उभं राहायला कुणी तयार नसतं. मग एका रात्री कोठडीत मशाल घेऊन येतो ओबेरिन मार्टेल, दक्षिणेकडच्या डॉर्नचा राजपुत्र. त्याची बहीण एलिया हिच्यावर याच ग्रेगरने फार वर्षांपूर्वी, राजधानी लुटली गेली तेव्हा, बलात्कार केलेला असतो, तिची मुलं मारलेली असतात आणि तिलाही. ओबेरिन एवढंच सांगतो की तुझ्या बाजूने मी लढेन. हे सातव्या भागातलं. पुढचा रविवार अमेरिकेतल्या सुट्टीचा, त्या दिवशी भाग नव्हता. म्हणजे प्रेक्षक पूर्ण दोन आठवडे त्या मशालीच्या उजेडात थांबून राहिले. नुसत्या ‘पुढे काय’ या प्रश्नावर तेव्हा लोकांनी किती जीव टाकला असेल, याची आज सबंध पर्व एका रात्रीत संपवणाऱ्या माणसाला कल्पना करता येणार नाही.

आता ते द्वंद्व. ओबेरिन मैदानात येतो तो वारुणीचा पेला रिकामा करत. अंगावर कातडी चिलखत, डोक्यावर काही नाही, हातात भाला. समोर लोखंडात गाडलेला ग्रेगर आणि त्याची दोन हातांनी पेलायची तलवार. पास्कलने यासाठी वुशू या चिनी युद्धकलेतल्या भाल्याचे धडे घेतले होते आणि ते दिसतं: भाला त्याच्याभोवती फिरत राहतो, तो उडी घेतो, गिरकी घेतो, गर्दीची वाहवा घेतो. आणि सारखं बोलत राहतो. बहिणीचं नाव, तिच्यावर काय केलंस, तिच्या मुलांचं काय केलंस. प्रत्येक वारासोबत तेच तीन आरोप, तेच नाव. आधी हळू, मग जोरात, मग ओरडून. भाला एकदा तुटतो, दुसरा मिळतो. ग्रेगरचं शिरस्त्राण उडतं. पायाच्या शिरा कापल्या जातात. शेवटी भाला त्याच्या अंगातून आरपार जातो आणि तो पर्वत पाठीवर कोसळतो.

द्वंद्व संपलेलं आहे. ओबेरिन जिंकला आहे. टिरियनचा भाऊ जेमी याच्या चेहऱ्यावर हसू आहे, सर्सीचा चेहरा उतरलेला आहे, टिरियनच्या जिवात जीव आला आहे. दिग्दर्शक ॲलेक्स ग्रेव्ह्ज हे सगळे चेहरे आपल्याला एकेक करून दाखवतो.

पण ओबेरिन मारत नाही. तो पडलेल्या ग्रेगरभोवती फिरतो आणि ओरडतो, कबूल कर! बहिणीचं नाव घे. आणि बोट टायविनकडे रोखून विचारतो, हुकूम कुणाचा होता? तो प्रेक्षागाराकडे बघतो, टायविनकडे बघतो. ग्रेगरकडे बघायचं राहतं. पायाला हिसका बसतो, तो खाली पडतो, एका ठोशात दात उडतात, आणि ग्रेगर त्याच्या छातीवर चढून दोन्ही अंगठे त्याच्या डोळ्यांत घालतो. पुढचं मी लिहीत नाही. ज्यांनी पाहिलं आहे त्यांना विसरता आलेलं नाही. एलारिया, ओबेरिनची सहचारिणी, पायऱ्यांवरून किंचाळते. टायविन उठतो, देवांचा कौल लागला असं सांगतो आणि पोटच्या मुलाला मृत्युदंड सुनावतो. पडदा काळा.

त्या गडबडीत एक गोष्ट ऐकूनही पुष्कळांच्या कानांवर पडली नाही. ओबेरिनची कवटी फोडण्याआधी ग्रेगर कबुली देतो. एलियाचं नाव घेऊन. काय काय केलं ते क्रमाने, मोठ्याने, सगळ्या दरबारासमोर. ज्या वाक्यासाठी ओबेरिनने हातातला विजय सोडून दिला ते वाक्य त्याला मिळतं. ते ऐकलेलं त्याचं शेवटचं वाक्य असतं.

एलारियाची ती किंकाळी इंदिरा वर्मा यांची. त्यांचे वडील भारतीय, आई स्विस. प्रेक्षागारातली ती पहिली प्रेक्षक, आणि घराघरांतल्या किंकाळ्या तिच्यामागून उमटल्या. अशा व्हिडिओंचा पायंडा त्याच्या बरोबर वर्षभर आधी पडला होता. २ जून २०१३ ला तिसऱ्या पर्वाचा नववा भाग दाखवला गेला, ज्यात एका लग्नघरात पाहुणे म्हणून आलेले कथेचे नायकच कापले जातात. कादंबरीचा तो खंड २००० सालीच प्रसिद्ध झालेला. म्हणजे वाचकांना तेरा वर्षं सगळं ठाऊक होतं. त्यांनी काय केलं, तर आपल्या नवऱ्याला, बायकोला, खोलीतल्या मित्रांना काही न सांगता सोफ्यावर बसवलं आणि फोन एका कोपऱ्यात गुपचूप चालू करून ठेवला. त्या व्हिडिओंच्या संकलनांना लाखो प्रेक्षक मिळाले. खुद्द मार्टिन यांना कोनन ओब्रायन यांच्या कार्यक्रमात ते दाखवण्यात आलं आणि आपल्या लेखणीने रडवलेली माणसं त्यांनी पडद्यावर पाहिली. पुढे शिकागोच्या बर्लिंग्टन बारसारख्या ठिकाणी रविवारी रात्री अख्खी गर्दी मालिका बघायला बसायची आणि कॅमेरा तिच्यावर रोखलेला असायचा. तेव्हा तर ते उघड उघड प्रेक्षकांचंच नाटक झालं.

या व्हिडिओंबद्दल मला आधी थोडी नावड होती. दुसऱ्याचं हृदय फुटताना टिपायचं, यात काय गोडी? पण बघत गेले तसं वेगळंच काही लक्षात आलं. ओबेरिनच्या भागाचे व्हिडिओ लग्नघराच्या व्हिडिओंसारखे नाहीत. लग्नघरात माणसं सुन्न होतात, रडतात. तिथे कुणाची काही चूक नव्हती, दगा होता. इथे माणसं चिडतात. ओबेरिनवर चिडतात. शेवटच्या मिनिटभरात ती पडद्याला हात करून त्याला सांगत असतात की पुरे कर, मार त्याला, पाठ फिरवू नकोस. आणि त्याच मिनिटात, कधी कधी त्याच तोंडाने, ती ग्रेगरलाही सांगत असतात की बोल.

हे मी घरातच पाहिलं. हॉटस्टारवर मालिकेची सगळी पर्वं उपलब्ध झाल्यानंतरची गोष्ट. माझी भाची तेव्हा इंजिनिअरिंगला होती, दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आलेली. मी कादंबरी वाचलेली, मालिका बघितलेली, ती कोरी पाटी. ग्रेगर पाठीवर पडला आणि ती सोफ्यावर गुडघे वर घेऊन बसली.

“मावशी, हा संपवत का नाही त्याला?”

मी काही बोलले नाही. ओबेरिन ओरडत होता, बोट टायविनकडे होतं. आणि ती पडद्यावरच्या ग्रेगरला म्हणाली, “बोल ना! कुणी सांगितलं होतं ते सांग ना!”

पुढच्या क्षणी जे व्हायचं ते झालं. तिने पडदा थांबवला. बराच वेळ नुसतीच बसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुला माहीत होतं?”

“हो.”

“आणि तू गप्प बसलीस?”

मी काय सांगणार होते? पण त्या दोन वाक्यांमधलं अंतर मला तेव्हापासून छळतं आहे. संपव, आणि बोल. ओबेरिनला एकाच वेळी या दोन्ही गोष्टी हव्या होत्या आणि त्या एकमेकींच्या आड येत होत्या. मेलेला माणूस कबुली देत नाही. कबुली हवी तर त्याला जिवंत ठेवावं लागतं, त्याच्याजवळ जावं लागतं. प्रेक्षकांनाही नेमकं हेच हवं होतं. ग्रेगर नुसता मरून आपलं समाधान झालं नसतं. त्याच्या तोंडून ते नाव निघायला हवं होतं आणि टायविनचा चेहरा पडायला हवा होता. भाला तिथे आपणही थांबवला होता. म्हणूनच तो राग एवढा तीव्र आहे. प्रेक्षक ओबेरिनला ज्या चुकीबद्दल दोष देतात त्या चुकीत ते सामील होते.

कबुलीची ही भूक मालिकेने शोधून काढलेली नाही. युरोपात द्वंद्वाने न्याय ही शतकानुशतकं खरीखुरी कोर्टाची पद्धत होती. १२१५ मध्ये चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना सत्यपरीक्षेच्या दिव्यांचे विधी करायला बंदी केली. द्वंद्व मात्र टिकलं. इंग्लंडमध्ये तर खुनाच्या एका खटल्यातल्या आरोपीने ते मागितलं आणि १८१८ मध्ये न्यायालयाला त्याचा तो हक्क मान्य करावा लागला. पुढच्याच वर्षी पार्लमेंटने ती तरतूद रद्द केली. पण या सगळ्यात मला ओबेरिनच्या मैदानाचं जुळं भावंड वाटतं ते पॅरिसमधलं २९ डिसेंबर १३८६ चं द्वंद्व.

जाँ द कारूज हा नॉर्मंडीचा सरदार. त्याची बायको मार्गरित हिने जाक ल ग्री या दुसऱ्या सरदारावर बलात्काराचा आरोप केला. ल ग्रीने साफ नाकारलं. साक्षीदार नाही, पुरावा नाही. पॅरिसच्या पार्लमाँ या न्यायालयाने द्वंद्वाला परवानगी दिली. अठरा वर्षांच्या राजा सहाव्या चार्ल्सला ते स्वतः बघायचं होतं आणि तो तेव्हा पॅरिसबाहेर होता, म्हणून तारीख पुढे ढकलली गेली. सँ मार्तां दे शाँ मठाच्या मैदानात, जिथे आज तंत्रविद्येचं संग्रहालय आहे, मोठी गर्दी जमली. प्रेक्षकांना सक्त ताकीद होती: आवाज करायचा नाही, खूण करायची नाही. मोडणाऱ्याला कठोर शिक्षा. मार्गरित काळ्या वस्त्रांत मैदानाकडेला. नवरा हरला तर तिचा आरोप खोटा ठरणार आणि तिला जिवंत जाळणार. त्या गर्दीत असं एकच माणूस होतं ज्याच्यासाठी हा खेळ नव्हता.

कारूजच्या मांडीत घाव बसला. तरीही त्याने ल ग्रीला जमिनीवर पाडलं, चिलखताच्या वजनाखाली ल ग्रीला उठता येईना. कारूज त्याच्यावर चढून बसला. आणि मारण्याआधी त्यानेही तेच केलं: कबूल कर म्हणून ओरडला. ल ग्रीने देवाची शपथ घेऊन, आत्म्याची आण घेऊन नाकारलं. कारूजने गळ्यात सुरा खुपसला. देवाचा कौल लागला, प्रेत माँफोकाँच्या फाशीवर लटकवलं गेलं, मार्गरित वाचली. पण कबुली मिळाली नाही, आणि म्हणून त्या द्वंद्वाचा वाद सहाशे वर्षं झाली तरी संपलेला नाही. आजही इतिहासकार त्यावर लिहितात. एरिक जेगर यांच्या २००४ च्या पुस्तकावरून रिडली स्कॉट यांनी २०२१ मध्ये ‘द लास्ट ड्युएल’ काढला, त्यातही तीच घटना तिघांच्या नजरेतून तीनदा दाखवावी लागली.

पॅरिसमध्ये जिंकणाऱ्याला कबुली नाही मिळाली. बेल्वेदेरच्या पायऱ्यांसमोर कबुली मिळाली पण जिंकता नाही आलं. दोन्हीकडे ज्या बाईच्या नावाने हे चाललं होतं तिला कुणी विचारलं नव्हतं. मार्गरित निदान तिथे होती. एलिया मार्टेल तर मालिकेच्या ७३ भागांत एकदाही दिसत नाही. तिचं नाव आपल्याला पाठ आहे कारण तिचा भाऊ ते घोकत मेला. या मालिकेवर बायकांवरच्या अत्याचारांच्या चित्रणावरून सतत टीका होत आली. याच पर्वाच्या तिसऱ्या भागातल्या एका प्रसंगावर मोठं वादळ उठलं होतं, आणि त्याचा दिग्दर्शकही ग्रेव्ह्जच होता. ती टीका मला रास्त वाटते. पण एलियाच्या बाबतीत एक मान्य करावं लागेल. तिच्यावर झालेलं पडद्यावर दाखवलं असतं तर ते आणखी एक दृश्य झालं असतं. न दाखवता, केवळ नाव पुन्हा पुन्हा उच्चारून, तिचा मृत्यू विस्मृतीत जाऊ द्यायचा नाही हा ओबेरिनचा हट्ट आपल्यापर्यंत पोचला. आठ आठवडे ओळख असलेल्या एका माणसासाठी लोक एवढे हळहळले, ते त्याच्या देखणेपणासाठी, भाल्याच्या गिरक्यांसाठी असेलच. मला वाटतं या हट्टासाठीही असेल.

मराठी वाचकाला इथे गदायुद्ध आठवल्याशिवाय राहत नाही. तिथेही प्रेक्षक आहेत आणि महाभारतकाराने त्यांना फार बारकाईने लिहिलं आहे. शल्यपर्वात बलराम सरस्वतीकाठची तीर्थयात्रा आटोपून नेमका भीम-दुर्योधनाच्या युद्धाला येऊन पोचतो. दोघेही त्याचे शिष्य. कृष्णाच्या सुचवण्यावरून अर्जुन स्वतःची मांडी थोपटतो, भीम समजतो, गदा कमरेखाली बसते. बलराम नांगर उगारून भीमावर धावून जातो. कृष्ण त्याला मिठी मारून अडवतो, कारणं सांगतो, पण बलरामाला ती पटत नाहीत आणि तो तसाच रागाने द्वारकेला निघून जातो. पडलेल्या दुर्योधनाच्या मस्तकाला भीम पाय लावतो तेव्हा युधिष्ठिरही त्याला फटकारतो. जिंकलेल्या बाजूचाच माणूस. एका द्वंद्वाकडे बघणाऱ्यांचे इतके वेगवेगळे चेहरे, आणि कुणाचाही चेहरा खोटा पाडलेला नाही. बलरामाला न्याय कळत नव्हता असं व्यास म्हणत नाहीत. त्याला खेळाचा नियम मोडलेला दिसला. बाकीच्यांना द्रौपदीची सभा आठवत होती. ओबेरिनच्या प्रेक्षकांच्या मनात हे दोन्ही एकाच वेळी चाललं होतं. फक्त त्यांच्याजवळ मिठी मारून अडवणारा कृष्ण नव्हता.

त्या रात्रीनंतर दोनच आठवड्यांनी, १५ जूनला, पर्वाचा शेवटचा भाग आला. टिरियन बाणांनी बापाला मारतो. ज्या प्रश्नाचं उत्तर ग्रेगरने दिलं नव्हतं, हुकूम कुणाचा होता, त्याचं उत्तर संडासात बसलेल्या टायविनच्या मरणात बऱ्याच लोकांनी शोधलं. अमेरिकेत तो पितृदिन होता.

प्रेक्षकांचं बळ वर्षागणिक वाढत गेलं. २०१७ उजाडेपर्यंत ही मालिका भारतातही त्याच घटकेला पोचत होती. अमेरिकेत रविवारी रात्री नऊ, इथे सोमवारी सकाळी साडेसहा. पुण्या-मुंबईत कितीतरी तरुण मंडळी ऑफिसची बस पकडण्याआधी तो तास उरकत, कारण दुपारपर्यंत कुणीतरी शेवट सांगून टाकणार ही धास्ती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सातव्या पर्वाचा चौथा भाग प्रक्षेपणाआधीच बाहेर फुटला. त्यावर भारतीय वाहिनीचा शिक्का होता. मुंबई पोलिसांनी चौघांना अटक केली. कथेचा शेवट आधी कळणं ही मौल्यवान, आणि म्हणून चोरण्याजोगी वस्तू झाली होती.

या वाढत्या बळाचा कस लागला तो १२ मे २०१९ ला. ओबेरिनचा भाला विषारी होता, तरी ग्रेगर त्यातून अर्धवट जिवंत उरला होता. विचार नसलेला, वाचा नसलेला. त्याचा धाकटा भाऊ सँडर, ज्याचा चेहरा लहानपणी ग्रेगरने निखाऱ्यात धरून जाळला, त्याच्याशी त्याची गाठ पडलीच पाहिजे अशी मागणी चाहते वर्षानुवर्षं करत होते. त्या न झालेल्या द्वंद्वाला त्यांनी नावसुद्धा देऊन ठेवलं होतं, ‘क्लिगेनबोल’, अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यासारखं. आणि त्यांना ते मिळालं. जळत्या किल्ल्याच्या कोसळत्या जिन्यावर दोघे भाऊ. ग्रेगर पुन्हा तसेच अंगठे डोळ्यांत घालतो, म्हणजे आपल्याला ओबेरिन आठवावा. सँडर त्याच्या डोळ्यात सुरा खुपसतो, तरी तो पडत नाही. शेवटी सँडर त्याला मिठीत घेऊन भिंतीतून खालच्या आगीत झेप घेतो.

लोक ओरडले, टाळ्या वाजल्या. पण दुसऱ्या दिवशी लोक त्याच्याविषयी फारसं बोलत नव्हते. त्या भागात राणी डॅनेरिसने शरण आलेलं शहर जाळलं आणि सगळा राग तिकडे गेला. शेवटचं पर्व नव्याने करा अशा विनंतीअर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या. पण मला वाटतं क्लिगेन भावांच्या द्वंद्वात मुळातच एक पोकळी होती. तिथे कबुली शक्यच नव्हती. ग्रेगरच्या शिरस्त्राणाखाली ऐकणारं, कबूल करणारं कुणी उरलेलंच नव्हतं. सँडरने त्याच्यावर तलवार चालवली पण त्याला ऐकवता काहीच आलं नाही. त्याआधी काही मिनिटं तो सूडासाठी आपल्यासोबत आलेल्या तरुण आर्याला समजावतो की सूडाच्या मागे येऊ नकोस, परत जा. त्या भागातली सर्वांत चांगली जागा मला तीच वाटते, आणि तिथे तलवार नाही. पाच वर्षांपूर्वी ज्या प्रेक्षकांची इच्छा पुरी झाली नाही ते द्वंद्व त्यांनी जन्मभर लक्षात ठेवलं. इच्छा पुरी झाली ते दुसऱ्या दिवशी विसरले.

पास्कल त्या एका पर्वाने जगभर माहीत झाला. ‘नार्कोस’, ‘द मँडलोरियन’, आणि २०२३ पासून ‘द लास्ट ऑफ अस’. या शेवटच्या मालिकेत त्याची भूमिका जोएलची, जगाचा अंत झाल्यानंतर एका मुलीला सांभाळणाऱ्या बापमाणसाची. तिला वाचवण्यासाठी जोएलने पहिल्या पर्वाच्या शेवटी एका इस्पितळात सैनिकांना आणि एका डॉक्टरला ठार केलं होतं. २० एप्रिल २०२५ ला दुसऱ्या पर्वाच्या दुसऱ्या भागात त्या डॉक्टरची मुलगी ॲबी त्याला गाठते. तिला नुसतं मारायचं नसतं. ती त्याला जमिनीवर पाडून बोलत राहते: माझा बाप कोण होता, तू काय केलंस, ते तुला ऐकावंच लागेल. जोएल नाकारत नाही. जे करायचं ते करून टाक, एवढंच म्हणतो.

इथेही ज्यांना आधी माहीत होतं असे लोक होते, कारण मूळ व्हिडिओ गेम २०२० साली आलेला. त्यांनी पुन्हा एकदा घरच्यांना सोफ्यावर बसवलं आणि कोपऱ्यात फोन चालू ठेवला. पुन्हा किंकाळ्या. या वेळी मात्र प्रेक्षकांचं सगळं प्रेम खाली पडलेल्याच्या बाजूला होतं आणि बहीण गमावलेल्या ओबेरिनच्या जागी बाप गमावलेली एक मुलगी होती. गेममध्ये ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना २०२० मध्ये जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, त्यांनी त्या जाहीरपणे दाखवल्या. ओबेरिनला ‘मार एकदाचं’ म्हणणारे आणि ग्रेगरला ‘बोल’ म्हणणारे प्रेक्षक ॲबीचं बोलणं ऐकून घ्यायला तयार नव्हते. जोएलने जे केलं ते तिने पडद्यावर एकेक करून सांगितलं, आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.